पातं, रेडियम आणि आठ सेंट

आमच्या घरात कापायच्या वस्तू आजवर मोजक्याच. विळी, सुरी, आजोबांचा अडकित्ता, आणि शिवणाच्या डब्यातली ती कात्री, जिने कुणी चुकूनही कागद कापला की आईच्या कपाळावर आठी पडायची. गेल्या महिन्यात त्यांत एकाची भर पडली. लेकीने हट्टाने घरगुती व्हायनिल कटर घेतला. दिसायला थेट प्रिंटरसारखा. फरक एवढाच की शाईच्या जागी तांदळाच्या कणीएवढं एक पातं. कॉम्प्युटरवर आकार काढायचा, स्टिकरचं रंगीत व्हायनिल चिकट मॅटवर नीट बसवायचं, मॅट यंत्राच्या तोंडात द्यायची आणि बटण दाबायचं. मग किर्र किर्र आवाज करत मॅट आत-बाहेर होते, पातं डावी-उजवीकडे पळतं, आणि दोन मिनिटांनी यंत्र गप्प होतं. बघावं तर कुठेच काही झालेलं नाही! कापलेली रेघ इतकी बारीक, की दिव्याखाली तिरकं धरलं तरच दिसते.

खरी गंमत इथेच आहे. पातं फक्त वरचा थर कापतं, खालचा कागद शाबूत ठेवतं. वरचा थर असतो मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ. इंग्रजीत या कापाला 'किस कट' म्हणतात, म्हणजे नुसते ओठ टेकवल्यासारखा काप. (मावशी, हसू नकोस, खरंच म्हणतात.) पातं त्याच्या दांड्यात मोकळं फिरतं. ऑफिसातल्या खुर्चीची चाकं जशी खुर्ची ढकलाल तिकडे आपोआप वळतात, तसं ते ओढलं जाईल त्या दिशेला तोंड करतं. म्हणून वळणावर कोर फाटत नाही.

आम्ही आधी चौकोनात त्रिकोण कापून दाब तपासला आणि मग लगेच स्वयंपाकघरातल्या डब्यांवर घसरलो. हळद, मोहरी, गोडा मसाला. इथे एक मजेदार गोष्ट कळली. पडद्यावर सलग दिसणारी शिरोरेषा यंत्राला सलग दिसतच नाही. त्याला प्रत्येक अक्षराची वेगळी बाह्यरेषा दिसते. दोन अक्षरं जिथे एकमेकांवर किंचित चढतात, तिथेही ते इमानेइतबारे पातं फिरवतं आणि 'हळद'चे ह, ळ आणि द असे तीन तुकडे करतं. सगळी अक्षरं आधी एकत्र सांधायची, 'वेल्ड' करायची, आणि मगच कापायला पाठवायची. रोमन अक्षरं सुटी उभी राहतात, त्यामुळे त्यांना ही कटकट नाही. आपली अक्षरं एका दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. दोरी तुटली की सगळंच खाली.

आता माझी खोड तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. नवी वस्तू घरात आली की ती वापरायच्या आधी तिचं गोत्र शोधायला बसते. या यंत्राचं गोत्र शोधता शोधता मी व्हिएन्ना, कनेक्टिकट, आमच्या गावची पेठ आणि फिलाडेल्फिया असा बराच फेरफटका करून आले. तोच आज सांगते.

यंत्राचा सख्खा पूर्वज म्हणजे प्लॉटर. १९५९ मध्ये कॅलकॉम्प या अमेरिकन कंपनीने '५६५' नावाचा प्लॉटर आणला. कागद एका रुळावर पुढे-मागे सरकायचा आणि पेन आडवं सरकायचं. या दोन हालचाली मिळून कुठलीही वक्ररेषा काढता येते. कॉम्प्युटर नकाशे आणि आलेख 'काढू' लागला तो अशा यंत्रांतून. आमच्या घरातलं यंत्र तंतोतंत हेच करतं. पेनच्या जागी पातं आलंय इतकंच.

पण पेन काढून पातं बसवायच्या या वाटेवर एक नाव ठळक भेटतं, जोसेफ गर्बर. जन्म १९२४, व्हिएन्ना, ज्यू घर. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळला. १९४० मध्ये हा पोरगा आईबरोबर अमेरिकेत पोचला. वडील नाझींच्या तावडीतून सुटले नाहीत. कनेक्टिकटमध्ये तंबाखूच्या शेतांवर कामं करत तो शिकला आणि इंजिनिअरिंगला गेला. तिथे आलेखांवरची मापं काढायचा कंटाळवाणा उद्योग करावा लागे. मोजपट्टी एका मापाची, आलेख दुसऱ्या मापाचा. या पठ्ठ्याने काय करावं? आपल्या पायजम्याचं इलॅस्टिक काढलं, त्यावर सारख्या अंतराने खुणा केल्या आणि ताणलं. ताणलं तरी खुणांमधली अंतरं आपापसांत सारखीच राहतात! हवी तशी लांब-आखूड होणारी मोजपट्टी तयार. त्यातूनच १९४८ मध्ये त्याची कंपनी उभी राहिली. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याने कापड कापायचं यंत्र आणलं. कपड्यांच्या कारखान्यांत थरावर थर रचलेली कापडाची चळत हवा शोषून घट्ट दाबायची आणि कॉम्प्युटरने चालणाऱ्या सुरीने कापायची. आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच कंपनीने टेबलावर मावणारं 'साइनमेकर' आणलं, दुकानांच्या पाट्यांची अक्षरं व्हायनिलमधून कापून देणारं.

कापायचा मालही तयारच होता. अमेरिकेत वाल्डो सेमॉन नावाचा रसायनशास्त्रज्ञ रबर धातूला चिकटवायची युक्ती शोधत होता. ते राहिलं बाजूला, आणि १९२६ मध्ये कडक, ठिसूळ पीव्हीसीला मऊ आणि लवचीक करायची रीत त्याच्या हाती लागली. १९३५ मध्ये लॉस एंजेलिसला स्टॅन्टन एव्हरी याने मागे डिंक आणि त्याखाली सोलून काढायचा कागद अशी लेबलं करायचं यंत्र जुळवलं. भांडवल होतं होणाऱ्या बायकोने दिलेले १०० डॉलर. मऊ प्लास्टिक, पाठीवर गोंद आणि पेनाच्या जागी पातं. झालं की आमचं यंत्र.

असो. हे झालं तिकडचं. आपल्याकडे हे यंत्र कुठल्या नावाने आलं? 'रेडियम'!

तुमच्याही गावात बसस्टँडजवळ 'अमुकतमुक रेडियम आर्ट' अशी टपरी नक्की असणार. मोटारसायकलच्या टाकीवर 'आईचा आशीर्वाद', रिक्षाच्या काचेवर देवाचं नाव, टेंपोच्या मागे पोरांची नावं. त्या स्टिकरांत रेडियमचा कणही नसतो. क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये रेडियम शोधलं. त्याचा वापर करून अंधारात चमकणारे रंग निघाले आणि ते घड्याळांच्या तबकड्यांवर लावायला अमेरिकेतल्या कारखान्यांत तरुण मुली बसवल्या गेल्या. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायचा, हे त्यांना शिकवलेलं. त्यांतल्या कित्येकींचे जबडे झडले, कित्येकी मेल्या. १९२८ मध्ये न्यू जर्सीतल्या पाच जणींच्या दाव्यात कंपनीला तडजोड करून भरपाई द्यावी लागली. अंधारात चमकणारं ते रेडियम, असं समीकरण तेव्हापासून लोकांच्या मनात बसलं असावं. पुढे गाड्यांवर हेडलाइट पडला की लखलखणारे पत्रे आले. त्यांत काचेचे बारीक मणी असतात आणि ते प्रकाश आल्या वाटेने परत पाठवतात. पण आपण त्यालाही रेडियमच म्हणालो, आणि मग साध्या रंगीत व्हायनिललासुद्धा.

रेडियमवाल्याच्या आधी त्या टपरीत कोण होतं? पेंटर.

आमच्या लहानपणी पेंटर ही गावातली मानाची जागा होती. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींना तर लोकांनी 'पेंटर' हे आडनावच देऊन टाकलं. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता ते मराठी सिनेमाचे एक आद्य पुरुष झाले. मकबूल फिदा हुसेन १९३० च्या दशकात मुंबईत सिनेमाची भलीमोठी पोस्टरं रंगवत होते. इतकी मोठी नावं सोडा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो पेंटर बसायचा, त्याचं काम बघायला आम्ही शाळा सुटल्यावर थांबायचो. दोरीला खडूची पूड लावायची, दोन टोकं ताणून धरायची आणि मधे चिमटीत उचलून सोडायची. फट्! पत्र्यावर सरळ पांढरी रेघ. मग नुसत्या नजरेच्या अंदाजाने अक्षरं बसवायची. 'किराणा व भुसार' एवढं सगळं चार फुटांत मावणार की नाही, हे त्याला न मोजता कळायचं. अक्षरं सगळी झाली की शेवटी शिरोरेषा. ती मात्र एका दमात, श्वास रोखून. यंत्राला वेगळं समजावून सांगावं लागतं ते सांधणं त्या हाताला जन्मजात असल्यासारखं यायचं.

नव्वदीनंतर हळूहळू प्लॉटर आले, त्यामागोमाग फ्लेक्स आलं. गावात तेव्हा दोन पेंटर होते. एकाने कर्ज काढून प्लॉटर घेतला, मुलाला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं आणि दुकानावर 'रेडियम'ची पाटी लावली. दुसऱ्याच्या हातात कला जास्त होती, पैसे कमी. त्याच्याकडची बोर्डांची कामं आटत गेली आणि तो घरांना रंग द्यायला जाऊ लागला. ज्या हाताने दोन फुटी अक्षराची गोलाई एका फटक्यात काढली, तो हात भिंतींना डिस्टेंपर फासू लागला. पुढे रेडियमवाल्याचंही हक्काचं पीक गेलं. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ठरावीक साच्याची, होलोग्राम असलेली सुरक्षित नंबरप्लेट कंपनीकडूनच बसून येऊ लागली आणि नंतर जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली. आता तर पातं थेट आमच्या डायनिंग टेबलावर येऊन बसलंय. डब्यांवरची नावंसुद्धा आम्ही कुणाकडून करून घेणार नाही!

हा विचार मनात आला आणि लेबलं सोलता सोलता माझा हात जरा थबकला.

सोलणं म्हणजे काय तेही सांगते. यंत्र कापून मोकळं होतं; नको असलेला भाग आपण टोकदार आकडीने उचलून काढायचा. अक्षराभोवतीचा, आणि अक्षराच्या पोटातलाही. 'ळ'ची दोन पोटं, 'म'चं एक, 'ह'ची ती नाजूक शेपटी सांभाळून. या कामाला इंग्रजीत 'वीडिंग' म्हणतात, म्हणजे आपली खुरपणी. पीक राखायचं, तण उपटायचं. यंत्र कितीही हुशार असलं तरी हे काम बैठक मारून, चष्मा लावून, हातानेच. दोन तास खुरपणी केली की मान अवघडते, पण मन शांत होतं. आणि असं शांत मन लांब लांब भटकतं.

ते भटकत फिलाडेल्फियाला गेलं त्याचं कारण एक नाव. घरगुती कटरांत दोन नावं प्रसिद्ध आहेत, क्रिकट आणि सिलुएट. सिलुएट हे मुळात माणसाचं आडनाव! एत्येन द सिलुएट हा १७५९ मध्ये काही महिने फ्रान्सचा अर्थमंत्री होता. त्याने खर्चाला इतकी कात्री लावली, की जे जे स्वस्तातलं ते ते 'सिलुएटछाप' अशी थट्टा सुरू झाली. तैलचित्र परवडत नाही? मग काळ्या कागदातून चेहऱ्याची नुसती एका बाजूची बाह्यरेषा कापून घ्या. तेही सिलुएट. फोटोग्राफी यायच्या आधी सामान्य माणसाचा चेहरा भिंतीवर लागला तो असा.

फिलाडेल्फियात चार्ल्स विल्सन पील नावाचा चित्रकार होता. त्याचं स्वतःचं म्युझियम होतं, त्यात पेंढा भरलेले पक्षी, प्राणी आणि थोरामोठ्यांची चित्रं. १८०२ मध्ये तिथे एक नवं यंत्र आलं, 'फिजिओनोट्रेस'. माणसाने बाजूने तोंड करून बसायचं, यंत्राची दांडी कपाळ-नाक-हनुवटीवरून फिरवायची, आणि जोडलेल्या दांड्यांतून तीच रेषा लहान होऊन घडी घातलेल्या कागदावर उमटायची. मग कागद त्या रेषेवर कापायचा. मधला चेहरा गळून पडायचा, राहायची ती चेहऱ्याच्या आकाराची पोकळी. ती काळ्या कागदावर ठेवली की झालं चित्र. घडीमुळे एका कापात चार प्रती. आमच्या टेबलावर जे चाललंय त्याचाच हा दोनशे वर्षांपूर्वीचा अवतार. रेषा यंत्राची, काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते माणसाकडे.

हे कापायचं काम करायचा मोझेस विल्यम्स. तो पीलच्या घरी गुलाम म्हणून वाढला होता. पीलने आपल्या मुलांना रॅफेल, रेम्ब्राँ, रुबेन्स, टिशियन अशा थोर चित्रकारांची नावं ठेवली आणि त्यांच्या हातात कुंचले दिले. मोझेसला शिकवलं प्राण्यांत पेंढा भरायला आणि म्युझियम लावायला. रंग मात्र नाहीत. १८०२ मध्ये, सत्ताविशीच्या सुमारास, तो मोकळा झाला. यंत्राने काढलेल्या पण रद्दीत टाकलेल्या आकृत्या उचलून तो गंमत म्हणून कापत बसायचा, असं पीलच्या मुलाने, रेम्ब्राँने, पुढे लिहून ठेवलंय. त्यातून हात असा बसला की यंत्रच त्याच्या ताब्यात दिलं गेलं, आणि कापायचे पैसे त्याने स्वतः ठेवावेत अशी सवलतही मिळाली. भाव होता आठ सेंट. पहिल्या वर्षभरात त्याने आठ हजारांहून अधिक चेहरे कापले. त्या कमाईतून दोन मजली विटांचं घर घेतलं.

'मोझेस विल्यम्स, चेहरे कापणारा' अशी नोंद असलेलं त्याचं स्वतःचं एक सिलुएट फिलाडेल्फियाच्या लायब्ररी कंपनीत जपलेलं आहे. पूर्वी ते पीलच्या थोरल्या मुलाच्या, रॅफेलच्या नावावर होतं. आता काही अभ्यासकांना वाटतं की ते मोझेसने स्वतःच कापलं असावं. ही गोष्ट मला फार लागली. हजारो लोकांचे चेहरे कापणाऱ्याच्या स्वतःच्या चेहऱ्याचं श्रेयसुद्धा इतकी वर्षं मालकाच्या मुलाकडे!

आणि मग आमच्या गावचे दोन पेंटर मला नव्याने दिसले. 'यंत्राने हाताची कला मारली' असं आपण सहज म्हणतो, मीही म्हणायचे. पण मोझेसची कला यंत्राने मारली नाही. उलट यंत्र आलं म्हणून ती फुलली. तो तरला, कारण यंत्र त्याच्या ताब्यात होतं आणि आठ सेंट त्याच्या खिशात जात होते. पहिला पेंटरही तसाच तरला. दुसऱ्याची कला त्याच्याहून मोठी होती, पण यंत्र घ्यायची ऐपत नव्हती. आणि आज एखाद्या मोठ्या फ्लेक्सच्या दुकानात पगारावर दिवसभर अक्षरं जुळवणारा पोरगा? यंत्रासमोर तोच बसतो, आठ सेंट मालकाचे.

हे घरगुती यंत्रांनाही चुकलेलं नाही. पहिला क्रिकट २००६ मध्ये आला तेव्हा त्याच्याबरोबर आकारांच्या कार्ट्रिज विकत घ्याव्या लागत. यंत्र तुमचं, पण फुलं-पानं कंपनीची. स्वतःचे आकार कापू देणारी सॉफ्टवेअरं बाहेरच्यांनी काढली, तर कंपनीने त्यांच्यावर कोर्टात दावे लावले. पुढे स्वतःचे आकार घालायची सोय कंपनीनेच दिली. पण मार्च २०२१ मध्ये तिने जाहीर केलं, की वर्गणी न भरणाऱ्यांना महिन्याला फक्त २० स्वतःचे आकार चढवता येतील. जगभरच्या हौशी बायकांनी असा काही गदारोळ केला, की आठवड्याभरात तो बेत गुंडाळावा लागला. बातमी वाचताना हसू आलं होतं, ही तर स्टिकरांची लढाई म्हणून. आता वाटतं, लढाई बरोबर जागी होती. यंत्र विकत घेतलं तरी ते आपल्या ताब्यात असतंच असं नाही.

लेकीला शेजारपाजारच्या ऑर्डरी यायला लागल्यात. बारशाच्या पाट्या, दिवाळीसाठी लक्ष्मीची पावलं. तिला मी एवढंच सांगितलंय, की आकार स्वतः काढ, आपल्याकडे जपून ठेव, आणि खुरपणीचे पैसे लावायला लाजू नकोस. मोझेसने लाजून चाललं नसतं.

जाता जाता एक विचारायचं राहिलं. जुन्या पाट्यांवर उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, बारीक अक्षरांत पेंटरचं नाव असायचं. गावाचं नाव आणि पुढे 'आर्ट्स'. व्हायनिलच्या पाटीवर असा कोपरा मी अजून पाहिलेला नाही. तुमच्या गावचा पेंटर कोण होता, आठवतंय? त्याची एखादी पाटी अजून कुठल्या बंद दुकानावर टिकून असेल तर तिचा फोटो काढून ठेवा, आणि मला नक्की कळवा.